भैरव, काळी एक आणि एक फुकट सिंथ : सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर पहिला ट्रॅक

सिंथ शिकायला बसलेल्यांची गाडी बहुतेक वेळा प्रीसेटच्या, म्हणजे आयत्या आवाजांच्या, यादीत रुतते. एक आवाज ऐकला, बरा वाटला, पुढचा आणखी बरा असेल म्हणून बाण दाबला. दोन तास जातात आणि प्रोजेक्टमध्ये एकही सूर नसतो. मग कुणीतरी नवं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं वाद्य, सुचवतं आणि यादी आणखी लांबते.

इथे आपण प्रीसेट उघडणारच नाही. एकच सिंथ घेऊ आणि रिकाम्या पॅचपासून (पॅच म्हणजे एका आवाजासाठी नॉबांची केलेली मांडणी) तीन आवाज घडवू: मागे तंबोरा, खाली बेस, वर सुरावट. राग भैरव, षड्ज काळी एक. पेटीवर बोटं फिरलेल्या कुणालाही हे अनोळखी नाही. शिवाय पाश्चात्त्य ट्युटोरियलमध्ये सहसा न भेटणारे एकदोन प्रश्न यातूनच समोर येतात.

भैरवमागे एक मुंबईकर कारणही आहे. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची ज्युपिटर-८ (सिंथ), टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र) ही तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक रेकॉर्ड केली. तिची सुरुवात भैरवनेच होते. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचं साम्य ऐकून जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोतला तो प्रकार तिच्यानंतर काही वर्षांनी जन्मला होता. टीबी-३०३ बनवलं होतं बेस गिटारच्या जागी वापरायला. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायची सोय होती, आणि राग वाजवणाऱ्याला ती सोय दिसली की तो तिचं काय करणार हे सांगायला नको.

पायरी १ : सामान

लॅपटॉप आणि वायरचे हेडफोन. ब्लूटूथचे नकोत; त्यांत आवाज इतका उशिरा पोचतो की वाजवणं अशक्य होतं. मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न करता कुठली पट्टी दाबली ते संगणकाला कळवणारा) असला तर छान, पंचवीस पट्ट्यांचा पुरतो. नसला तरी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये संगणकाच्या कीबोर्डवरच सूर वाजवता येतात.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ज्याला सगळे ‘डॉ’ म्हणतात, ते मॅकवर गॅरेजबँड आहेच. विंडोजवर रीपर घ्या: साठ दिवस सगळ्या सोयींसकट वापरून पाहता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. एफएल स्टुडिओ आपल्याकडे लोकप्रिय आहे, पण त्याच्या ट्रायलमध्ये जतन केलेलं प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

सिंथ म्हणून व्हायटल घेऊ. मॅट टायटेल या प्रोग्रामरने तो नोव्हेंबर २०२० मध्ये आणला. फुकट आवृत्तीत प्रीसेट आणि वेव्हटेबल (लहरींच्या आकारांचे संच) कमी मिळतात, आवाज घडवणारं इंजिन मात्र पूर्ण मिळतं. प्रीसेट आपल्याला नकोच आहेत. नवशिक्यासाठी त्याचा मोठा गुण म्हणजे पडद्यावर सगळं हलताना दिसतं: लहर, फिल्टरची रेघ, कोण कोणाला हलवतंय तेही. ज्यांना मुक्तस्रोतच हवं त्यांच्यासाठी सर्ज एक्सटी आहे. तोही उत्तम, फक्त तोंडओळख व्हायला वेळ लागतो. क्रॅक केलेल्या प्लगइनच्या नादी लागू नका. इतकं चांगलं फुकट मिळत असताना व्हायरसची जोखीम घ्यायचं कारणच उरलेलं नाही.

पायरी २ : पट्टी दाबल्यावर आवाज लगेच यायला हवा

ऑडिओ सेटिंगमध्ये बफर नावाचा आकडा असतो: आवाज बाहेर सोडायच्या आधी संगणक त्याचे किती नमुने जमवतो ते. ४८,००० सॅम्पल रेटवर (सेकंदाला ४८,००० नमुने) बफर १०२४ असेल तर एकट्या त्याचाच उशीर २१ मिलिसेकंद होतो आणि बोटांना तो जाणवतो. २५६ वर तो सुमारे ५ मिलिसेकंद राहतो. वाजवताना २५६ किंवा १२८ ठेवा. मिक्स करताना, आवाज तुटायला लागला की, वाढवा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाजासाठीचं वेगळं बाहेरचं उपकरण, नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाकून पाहा. मॅकवाल्यांनी पुढे चलावं.

पायरी ३ : रिकामा पॅच

व्हायटलच्या मेनूमध्ये इनिशियलाइझ प्रीसेट निवडा. आता एकच ऑसिलेटर चालू आहे, फिल्टर बंद, इफेक्ट बंद. पट्टी दाबली की भरड, सरळ, कंटाळवाणा आवाज येतो. इथून सुरुवात.

१९७० च्या मिनीमूग या सिंथमध्ये तीन ऑसिलेटर होते. त्यांतून निघालेला आवाज मिक्सरमधून फिल्टरमध्ये आणि तिथून ॲम्प्लिफायरमध्ये जायचा. व्हायटलच्या पडद्यावरची वाट मुळात तीच आहे. ऑसिलेटर कच्चा आवाज देतो, फिल्टर त्यातलं काहीतरी काढून टाकतो, आणि एन्व्हलप सांगतो की हे सगळं किती वेळात उमटायचं आणि किती वेळात विरायचं.

आता कानांचा गृहपाठ. ऑसिलेटरमध्ये साधे आकार असलेलं बेसिक शेप्स हे वेव्हटेबल निवडा आणि एकच सूर धरून आकार बदलत ऐका. साइन लहरीत फक्त मूळ सूर असतो, वर काहीच नाही. सॉ-टूथमध्ये मूळ सुराची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी उपस्वरांची रांग असते, जितकी वर तितकी क्षीण. चौकोनी लहरीत त्यांतले फक्त विषम, म्हणून ती पोकळ, क्लॅरिनेटच्या अंगाने जाणारी वाटते. मग सॉ-टूथवर या, फिल्टर वन चालू करा, लो-पास (खालचं जाऊ देणारा, वरचं अडवणारा) निवडा आणि कटऑफचा, म्हणजे कुठून वरचं अडवायचं ते ठरवणारा, नॉब अगदी हळू वरून खाली आणा. वरचे उपस्वर एकेक करून गळताना ऐकू येतील. रेझोनन्स वाढवून पुन्हा तेच करा: आता ज्या उपस्वरापाशी कटऑफ पोचतो तो शिट्टीसारखा वर येतो. सिंथचा निम्मा अभ्यास या एका नॉबमध्ये आहे. इथे घाई करू नका, फोन बाजूला ठेवा आणि तासभर हेच करा.

पायरी ४ : तंबोरा

काळी एक मिडीच्या क्रमांकांत सांगतो, कारण सप्तकांची नावं प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळी लावतं. एकाचा सी-थ्री तो दुसऱ्याचा सी-फोर. क्रमांक मात्र कुठेही तेच. ४९ हा आपला षड्ज, १३८.६ हर्ट्झ. मंद्र पंचम ४४, खर्ज ३७. तंबोऱ्याच्या तारा त्याच क्रमाने पियानो रोलमध्ये (सूर चौकोनांनी मांडायचा डॉमधला तक्ता) मांडा: ४४, ४९, ४९, ३७. टेम्पो १२० ठेवला तर दर दोन मात्रांना एक तार. मांडून झाल्यावर प्रत्येक सूर ग्रिडपासून हाताने किंचित मागेपुढे सरकवा. घड्याळासारखा तंबोरा कुणी छेडत नाही.

आवाजासाठी दोन ऑसिलेटर, दोन्ही सॉ-टूथ, दुसरा तीनचार सेंट चढा. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. एवढ्याशा फरकाने दोन लहरी एकमेकींत सावकाश मिसळतात आणि आवाज जिवंत होतो. व्हायटलमध्ये एन्व्हलप वन नेहमी आवाजाची पातळी ठरवतो: अटॅक (उमटायला लागणारा वेळ) अगदी थोडा, डिके (मग उतरायला लागणारा वेळ) चारपाच सेकंद, सस्टेन (पट्टी धरून ठेवल्यावर उरणारी पातळी) शून्य, रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ) तीन सेकंद.

जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या झणझणीत गुंजनाचा, भास फिल्टरमधून येतो. तंबोऱ्याची तार छेडल्यावर उपस्वर एकदम फुटत नाहीत. क्षणभराने उमलतात आणि मग ओसरतात. कटऑफ आवाजातली सगळी चकाकी जाईपर्यंत खाली घ्या. मग एन्व्हलप टू पकडून कटऑफच्या नॉबवर ओढून सोडा, आणि त्याचा अटॅक अर्ध्या सेकंदाच्या वर, डिके तीन सेकंदांच्या आसपास ठेवा. रेझोनन्स मध्यम. आता प्रत्येक तारेबरोबर उपस्वरांची एक लाट वर जाऊन परत येईल. खऱ्या तंबोऱ्याची ही नक्कल नाही, तसा हट्टही धरू नका. नक्कलच हवी असेल तर तंबोऱ्याची ॲप आहेत. आपल्याला हवंय ते त्या वर्तनातलं तत्त्व, आणि ते पुढे कुठल्याही पॅडला वापरता येतं.

पॅच नाव देऊन जतन करा. ‘तंबोरा काळी एक’ असं सरळ नाव द्या. ‘नवा ३ फायनल’ कुणाला आठवत नाही.

पायरी ५ : बेस आणि ठेका

दुसरा ट्रॅक, पुन्हा रिकामा पॅच. एक सॉ-टूथ, व्हॉइसेस (एका वेळी वाजणाऱ्या सुरांची संख्या) १, लेगॅटो (सूर तुटू न देता जोडणं) चालू, ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायचा वेळ) सुमारे ६० ते ८० मिलिसेकंद. फिल्टर लॅडर प्रकारचा, २४ डेसिबलचा, कटऑफ खाली, रेझोनन्स भरपूर. एन्व्हलप टू कटऑफवर: अटॅक शून्य, डिके सुमारे २०० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. प्रत्येक सुराला ‘ट्याव’ असा तोंड उघडल्यासारखा आवाज आला की जमलं.

सोळा खणांची एक ओळ लिहा, फक्त सा, कोमल रे, प आणि कोमल ध वापरून: ३७, ३८, ४४, ४५. काही खण रिकामे सोडा. जिथे घसरण हवी तिथे आधीचा सूर पुढचा सुरू झाल्यावरही थोडा चालू राहील इतका लांबवा. फक्त त्याच जागी ग्लाइड होईल. कोमल ध वरून प वर येणारी घसरण ठेवलीत तर चार खणांत भैरवची चाहूल लागते. भैरवचा वादी कोमल धैवत आणि संवादी कोमल ऋषभ. बेसची ओळ या दोघांना मान देत असेल तर वरच्या सुरावटीचं काम सोपं होतं.

आता ती ओळ वाजत ठेवा आणि रेकॉर्ड दाबून पाच मिनिटं फक्त कटऑफ फिरवा. रेझोनन्सला अधूनमधून हात लावा. काही ‘चांगलं’ करायचा प्रयत्न करू नका. या प्रकारच्या संगीतात नॉबचं फिरणं हीच बढत आहे, आणि ती माउसने रेघा आखून येत नाही.

ठेक्याचा किकही व्हायटलमध्येच होतो: साइन लहर, आणि तिच्या पिचवर एक एन्व्हलप जो ५० मिलिसेकंदांत सूर तीन सप्तकं खाली आणतो. चार मात्रांना चार. बाकीचं तालवाद्य हवं तर डॉमधल्या नमुन्यांतून घ्या, सगळंच हाताने घडवायचा अट्टाहास इथे नको.

पायरी ६ : सुरावट, आणि गंधाराची भानगड

तिसरा पॅच. चौकोनी लहर, तिच्यात थोडी सॉ-टूथ. व्हॉइसेस १, लेगॅटो, ग्लाइड बेसपेक्षा जास्त, १२० मिलिसेकंदांच्या आसपास. फिल्टर अर्धा उघडा. बेंड रेंज (पिच बेंडने सूर किती वाकतो ती मर्यादा) मुळात दोन अर्धस्वरांची असते, ती बारा करा; मींडेला जागा हवी. सूर ६१ च्या षड्जापासून असे: सा ६१, कोमल रे ६२, ग ६५, म ६६, प ६८, कोमल ध ६९, नि ७२, तार सा ७३.

लिहायच्या आधी गा. बेसुरं गायलात तरी चालेल. तंबोरा लावून फोनवर चारसहा ओळी रेकॉर्ड करा आणि त्यांतली आवडलेली पियानो रोलमध्ये उतरवा. माउस हातात असला की सुरावट चौकोनांच्या सोयीने चालते, गळ्यातून आली की श्वासाच्या लांबीने. हा फरक ऐकणाऱ्याला कळतो, त्याला सिंथ म्हणजे काय हे माहीत नसलं तरी.

भैरवमध्ये कोमल रे आणि कोमल ध आंदोलित असतात. इथे बहुतेक जण एलएफओ (एका वेगाने नॉब आपोआप हलवत राहणारी संथ लहर) थेट पिचवर लावून मोकळे होतात, आणि मग प्रत्येक सूर एकाच वेगाने थरथरतो. ते आंदोलन नव्हे. आंदोलन ठरावीक सुरांवरच येतं, सावकाश असतं आणि दर वेळी थोडं वेगळं असतं. म्हणून एलएफओला हात न लावता पियानो रोलखालच्या पिच बेंडच्या पट्टीत त्या त्या सुरापुरती रेघ हाताने काढा: सूर लागल्यावर क्षणभर स्थिर, मग एकदोन संथ हेलकावे. वेळखाऊ आहे, पण सुरावट रागात बसते ती इथेच.

आता ती भानगड. तंबोरा चालू ठेवून गंधार, म्हणजे ६५, लांब धरा. काहीतरी खडखडतंय असं वाटेल. यात पॅचचा दोष नाही. १३८.६ हर्ट्झच्या षड्जाचा पाचवा उपस्वर ६९३ हर्ट्झवर येतो आणि तो गंधारच असतो, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा. पण पियानो रोलमधला गंधार समान अंतरांच्या पट्टीतला आहे, त्याचं दुसरं सप्तक ६९८.५ हर्ट्झवर पडतं. दोघांत साडेपाच हर्ट्झचा फरक, म्हणून सेकंदाला साडेपाच ठोके. पेटीवरही हे असतंच आणि त्यावरचा वाद जुना आहे. पण सॉ-टूथच्या तंबोऱ्याचे उपस्वर इतके ठसठशीत असतात की इथे ते झाकलं जात नाही.

उपाय दोन. सोपा उपाय: शुद्ध गंधार समान पट्टीतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो. सुरावटीचा पॅच एका वेळी एकच सूर वाजवत असल्याने त्या सुरापुरता पिच बेंड तेवढा खाली करा. बेंड रेंज बारा असेल तर आकडा साधारण उणे ९५ येतो. खडखड थांबेपर्यंत कानाने हलवत राहा, आकडा फक्त सुरुवातीला. दुसरा उपाय: व्हायटल आणि सर्ज एक्सटी दोघेही स्काला प्रकारच्या फाइलमधून वेगळी स्वरपट्टी उचलतात. ती एकदा बसवली की प्रत्येक सूर हवा तिथे मिळतो. मला विचाराल तर पहिल्या ट्रॅकला सोपा उपाय करा. किती उतरवल्यावर गंधार ‘लागतो’ हे एकदा स्वतःच्या कानाने ऐकलेलं असलं की फाइलमधल्या आकड्यांना अर्थ येतो.

पायरी ७ : बाउन्स करा आणि नॉब बंद

तीन आवाज तयार आहेत आणि आता खरा मोह सुरू होतो: अजून थोडं फिल्टर, अजून थोडा रिव्हर्ब (दालनातल्यासारखी गुंज). सॉफ्टवेअर सिंथचा सगळ्यात मोठा दोष हाच की काहीच कधी पक्कं होत नाही. १९८२ च्या यंत्रांवर टेप फिरली की विषय संपायचा.

म्हणून तो निर्णय मुद्दाम घ्या. प्रत्येक ट्रॅक ऑडिओमध्ये बाउन्स करा, म्हणजे त्याचं पक्कं ध्वनिमुद्रण करा, सिंथचा मूळ ट्रॅक बंद करून लपवा, पुसू नका. आता हातात लहरींचे तुकडे आहेत आणि कामाची जातच बदलते. त्या पाच मिनिटांच्या बेसमधून आठ मात्रांचे दोनतीन चांगले तुकडे काढा. बाकी फेकायला संकोच नको. तंबोऱ्याचा एक सूर उलटा फिरवून सुरावट सुरू होण्याच्या आधी ठेवा. सुरावटीतली एक मींड कापून सप्तकभर खाली आणली की तीच नवं वाद्य होते. आवाज घडवण्याची बैठक आणि रचनेची बैठक वेगळ्या दिवशी ठेवा. पहिलीत तुम्ही कारागीर असता, दुसरीत श्रोता, आणि दोघांना एकाच खुर्चीत बसवलं की काम अडतं.

मांडणीत फार विचार लागत नाही. तंबोरा एकटा, त्यावर ठेका नसलेली दोन आलापीची वाक्यं, मग बेस, मग किक. प्रत्येक नवी गोष्ट आणताना जुनी एखादी काढता येते का ते पाहा.

पायरी ८ : मिक्सपुरतं

तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर आणि बेसचा षड्जही तिथेच. दोघांना जागा नाही. तंबोऱ्यावर हाय-पास फिल्टर लावून १२० हर्ट्झच्या खालचं काढा; खर्जाचे उपस्वर वर असल्याने तो नाहीसा होत नाही. फोनच्या स्पीकरवर ६९ हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही आणि तुमचा ट्रॅक बहुतेक जण तिथेच ऐकणार. बेसवर व्हायटलमधलंच डिस्टॉर्शन थोडं लावा. त्याने वर नवे उपस्वर तयार होतात आणि कान त्यांवरून खालचा सूर ओळखतो. रिव्हर्ब सुरावटीला, थोडा तंबोऱ्याला, बेसला अजिबात नाही.

एकूण पातळीचं टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, लिमिटर लावून आवाज फुगवू नका, आणि २४ बिटची वेव्ह फाइल काढा. तंबोऱ्याची आणि ठेक्याची वेगळी फाइलही काढून ठेवा, नावात ‘काळी एक, १२०’ लिहून. ओळखीत कुणी गाणारं किंवा बासरी वाजवणारं असेल तर तीच त्यांना पाठवा आणि सुरावटीची जागा रिकामी ठेवा. गंधार मात्र त्यांचा त्यांना लावू द्या.